तात्यांचा डावा डोळा

येरमाळा

प्रिय दादा,

आज भट्टीवर खवा आटताना तुझी फार आठवण आली. कढई उतरली की तात्या आपल्याला खरवडीसाठी एकच उलथनं द्यायचे, आणि तू मोठा असून काठाची खरपूस खरवड मला सोडायचास. तात्या हसायचे, "युवराज, पोरगी तुला लई लुटती बघ."

आता कढई आई उतरवते. तात्यांना खव्याचा रंग कळत नाही. उजवा डोळा लहानपणीच कडब्याचं धस लागून गेलेला. गेल्या वर्षी डावाही धूसर झाला. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, आतल्या पडद्याखाली रक्तवाहिन्यांची गाठ आहे. कर्करोग नाही, पण तिच्यातून पाणी झिरपतंय. शिरेतून औषध देऊन डोळ्यात लेझरचा उजेड सोडला की गाठ आकसते. मी सगळं वाचून घरात समजावून सांगितलं. शिकल्याचं चीज झालं असं वाटलं बघ.

उपचार केला. नंतर पाच दिवस ऊन टाळायचं होतं, पण घरातला साधा उजेड हवा होता; त्यानं अंगातलं औषध उतरतं. मी शाळेत शिकवायला गेले की आई मात्र बाळंतिणीच्या खोलीसारख्या खिडक्यांना गोधड्या लावायची. तात्या करवादायचे, "आता डिंकाचे लाडूबी दे की!" मुदत संपली म्हणून ते अंगणात बसले, तर अंधारात न उतरलेल्या औषधानं हातांवर भाजल्यासारखे फोड.

फोड बरे झाले. गाठही आकसली. पण जिथं उजेड सोडला तिथला पडदा विरला. असं क्वचित होतं, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. नजरेच्या मधोमध काळा डाग आहे. समोरच्या माणसाचा नेमका चेहराच त्यात बुडतो. आता पुन्हा पाणी झिरपायला लागलंय. तोच उपचार परत केला तर उरलेली नजर टिकेल, किंवा उलट डागच पसरेल. न केला तर हळूहळू सगळंच जाईल.

वहिनी बौद्ध घरातली म्हणून तात्यांनी तुम्हाला दारातूनच परत पाठवलं. तिच्याकडे न बघताच आत गेले. मी तेव्हा खूप भांडले, पण ऐकलं नाही त्यांनी. काल मात्र आपणहून म्हणाले, "दिसतंय तवर सून बघू दे. युवराजला म्हणावं, एकटा येऊ नको."

मंगळवारी पुण्याला जायचंय. त्याआधी या. आणि श्रावस्तीवहिनीला एवढं सांगून ठेव: तात्या तिच्यासमोर मान वळवतील. डागाच्या कडेनं तेवढंच दिसतं त्यांना. तोंड फिरवलं असं तिनं समजू नये.

तुझीच,
वैष्णू