खळ्याचा पाय

तात्या, परवा मी नगरला सैनिकांच्या कार्यालयात गेले होते. माझं स्वतःचं तिथं काही काम नव्हतं. शेजारच्या एका फौजीच्या विधवेला एकटीनं जायची धास्ती वाटत होती, आणि मी पडले निवृत्त मास्तरीण, म्हणजे गल्लीच्या मते मला सरकारी भाषा कळते. फरशी नुकतीच पुसलेली होती म्हणून शिपाई सगळ्यांना दारातच चपला काढायला लावत होता. आमच्या पुढं एक तरणा जवान होता. त्यानं एक सँडल काढली, मग दुसरी काढली, तर दुसऱ्या सँडलमधून रबरी पाऊल निघालं. वर धातूची नळी, खाली बोटंबिटं असलेलं पाऊल. तो तसाच आत चालत गेला आणि रांगेत बसला. कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मला एकदम हसू फुटलं. शेजारीण म्हणाली, काय झालं हो बाई? मी म्हटलं, आमच्या वडलांची आठवण झाली. तिनं माझा हात दाबला, बिचारीला वाटलं मी दुःख लपवतेय. मला तर फार बरं वाटत होतं.

तुम्ही पुण्याच्या लष्करी दवाखान्यातून घरी आलात ते ऐन दुष्काळात. लढाई संपून वर्ष होत आलं होतं. पश्चिमेच्या सीमेवर सुरुंगावर पाय पडला आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला, एवढंच तुम्ही सांगितलंत आणि त्याच्या पलीकडं आम्ही विचारलं नाही. पाथर्डीच्या स्टँडवर तुम्ही एस्टीतून उतरता आहात, आई तुमच्या तोंडाकडं बघते आहे आणि मी बुटांकडं. मला वाटलं होतं काहीतरी भयंकर दिसेल. पण तुम्ही दोन्ही पायांत काळे बूट घालून चांगले ऐटीत उभे. सरकारनं दिलेला पाय घरी आल्यावर बघायला मिळाला. लाकडाची पोटरी, मांडीला दोऱ्यांनी आवळायचा तपकिरी कातड्याचा पट्टा आणि खाली बूट. पायाचं माप बुटासकट घेतलेलं होतं. बूट काढला की पाय आखूड पडायचा आणि तुम्ही मागं कलायचात, म्हणून बूट पायातच राहायचा.

आणि आपल्या घरात कातडं चालत नव्हतं. आजोबांच्या मागं तुमच्या थोरल्या भावानं, आबांनी, घर आणि जमीन दोन्ही सांभाळली होती, आणि आजोबांचे सगळे नेमही सांभाळले होते. तुम्ही पलटणीत असताना वर्षानुवर्षं आमचंही त्यांनीच बघितलं. त्यांचा कंबरपट्टासुद्धा बाहेरच्या खुंटीला असायचा. तेव्हा तुम्ही आल्या दिवसापासून ओट्यावर बसून दोऱ्या सोडायचात, पाय भिंतीला टेकवून ठेवायचात आणि कुबडी घेऊन आत जेवायला यायचात. तुम्हाला कुणी तसं सांगितलं नव्हतं. याच घरात वाढलेले तुम्ही, सांगायची गरजच नव्हती. कुत्र्यानं पळवू नये म्हणून आई त्या पायावर डालगं पालथं घालायची, त्याच डालग्याखाली एरवी कोंबडी असायची. दवाखान्यात बजावलं होतं की पाय दिवसभर घालायचा, नाहीतर वरचा भाग सुजेल. तुम्ही जेमतेम अर्धा दिवस घालायचात. संध्याकाळी सुजेवर आई गरम पाण्याचं फडकं ठेवायची आणि सरकारला शिव्या द्यायची, आबांना देता येत नव्हत्या म्हणून.

सरकारनं तसं कमी केलं नाही. नगरच्या कार्यालयातून तुमचं पेन्शन मार्गी लागलं, माझी शाळेची फी माफ झाली, कँटीनमधून चहा आणि साबण यायला लागला. आणि मग नोकरी आली. नगरला लागून असलेल्या केडगावला सरकारी गोदामावर पहारेकरी, बसून काम, राहायला खोली. अपंग जवानांसाठी राखलेली जागा होती. आपण तिघं ती खोली बघून आलो. नळ होता, विजेचा दिवा होता आणि मुलींचं हायस्कूल चालत जाण्याइतकं जवळ होतं. आई नळाखाली हात धरून उभीच राहिली. आबा म्हणाले, "सरकार बोलावतंय तर जा. ढेकळात पाय आपटत कशाला हिंडतो? तुझा वाटा म्या कसतो, दाना घरपोच येईल." त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं, हे आज मी खात्रीनं सांगते. पण तुमच्या मनात वावर होतं. तुम्ही मला बांधावर बसून एकदाच बोललात, "उभा जलम पहाराच केला गं पोरी. तिथं उभा ऱ्हाऊन मनात ह्याच बांधावरनं चालायचो. आता पुन्ना पहाराच करायचा व्हय?" मला ती खोली फार आवडली होती.

दुष्काळ सरला आणि बाजरीचं खळं झालं, ते दुष्काळानंतरचं पहिलं. एवढ्या दिवसांनी दाणा दिसणार म्हणून सगळं घर खळ्यावर होतं. शेणानं सारवलेली ती गोल जागा, कडेला सगळ्यांच्या वहाणांची रांग, आणि मधोमध आबा तिवईसारख्या उंच वावडीवर उभे राहून वाऱ्यावर बाजरी उपणत होते. तुम्ही घरापासून खळ्यापर्यंत नव्या पायानं, कुबडीशिवाय, नुसती काठी घेऊन चालत आलात. ढेकळांतून, एकदाही न पडता. तुमच्या तोंडावर घाम होता आणि असलं हसू होतं की मी तसं पुन्हा फार वेळा बघितलं नाही. आबांची पाठ तुमच्याकडं. त्यांना फक्त बुटाचा आवाज आला, आणि खळ्यात येणाऱ्या कुणालाही म्हणतात तसं ते म्हणाले, "वहाना भाईर काढा रं."

मग ते वळले. पाटी हातातच राहिली, वारा चांगला वाहत होता आणि ते उपणत नव्हते. एवढंच म्हणायचं होतं की असू दे, ये. त्यांना ते म्हणता आलं नाही. खळ्यात वहाण येऊ द्यायची म्हणजे अन्नावर वहाण ठेवायची, हे त्यांच्या हाडात होतं, आणि तुमच्याही. "व्हय दादा, चुकलंच माझं," तुम्ही म्हणालात, कडेला बसलात, दोऱ्या सोडल्यात आणि तो पाय वहाणांच्या रांगेत नीट ठेवलात. काठी एका पायाला पुरेना, म्हणून तुम्ही हातांवर सरकत आत आलात आणि दिवसभर बसून कडेचे दाणे झाडून रास करत राहिलात. आई तोंड फिरवून सुपानं पाखडत होती. संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "दादा, नगरची नोकरी घेतो म्हनतो." आबा म्हणाले, "घे. सावलीतलं काम हाय." आणि पुढ्यातली भाकरी तशीच ठेवून उठले.

होकार द्यायला तुम्ही मला बरोबर घेऊन नगरला गेलात. कार्यालयातले साहेब म्हणजे एक निवृत्त अधिकारी, पांढऱ्या मिशांचे, शहरात वाढलेले. सही घ्यायच्या आधी त्यांनी सहज विचारलं, "पाय काय म्हणतोय? नीट चालता येतं ना?"

"चालता येतं साहेब. पर त्यो भाईरचा पाय हाय."

"बाहेरचा म्हणजे?"

"रस्त्याचा. घरात, खळ्यात त्यो चालत न्हाई. मला एक आतला पाय मिळंल का?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी सातवीतली, पण कसंबसं सांगितलं की खळ्यात वहाण घालून जात नाहीत आणि तात्यांच्या पायाला वहाण चिकटलेली आहे. साहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले की पहिला पाय दुरुस्तीला गेला तर माणूस अडू नये म्हणून दुसरा देता येतो, तेच कारण लिहून टाकू. इथं तुमच्यातला हवालदार जागा झाला. "दुरुस्तीला कुठं चाललाय साहेब? चांगला हाय की त्यो." साहेबांनी समजावलं, कारकुनानं समजावलं, मी तुमची बाही ओढली. तुम्ही खोट्याला तयार नाही. शेवटी साहेबांनी तोंडी सांगितलं आणि कारकुनानं हसू दाबत टाइप केलं, की शेतीकामासाठी अनवाणी चालण्याजोगा पाय मिळावा. आणि नोकरीच्या होकारावर तुम्ही सही केली नाहीत. साहेब म्हणाले, "मार्चअखेरपर्यंत जागा धरून ठेवतो. पुढं माझ्या हातात काही नाही."

घरी आल्यावर आईनं चुलीपुढून उठायचेही कष्ट घेतले नाहीत. "लोकं नोकरीसाटी सायबाला हात जोडत्यात, आन् तुमी त्याला थांब म्हनून आलात?" त्या दिवशी ती बोलली ते सगळं खरं होतं. पोरीची शाळा, नळ, रोजची सूज. शेवटी तिनंच तोडगा काढला. "ज्वारीच्या खळ्यात आबांनी घेतलं तर ऱ्हाऊ. न्हाई तर गुमान केडगावला चलायचं." तुम्ही मान डोलावलीत. आबांना यातलं कुणी काही सांगितलं नाही.

संक्रांत झाल्यावर तुम्ही पुण्याहून दुसरा पाय आणलात. पायाला कुठंच कातडं नव्हतं, पट्टे जाड कापडाचे होते, बूट नव्हता आणि टाच बुटाविना चालेल अशी बेतलेली होती. तिथल्या मिस्त्रीनं आपणहून पुढच्या बाजूला अंगठ्याची रेघ कोरून दिली होती. नव्या धोतराच्या फाळक्यात गुंडाळून तुम्ही तो एस्टीत सबंध वाट मांडीवर घेऊन बसला होतात, खाली ठेवलाच नाहीत. आई अजून रागातच होती, पण तिनं बियाण्याच्या कणगीशेजारची खुंटी रिकामी करून दिली. त्या दिवशी ओट्यावर पाय बदलून तुम्ही दोन पायांवर स्वयंपाकघरात आलात. आबा जेवत होते. त्यांनी मान वर केली, तो पाय नीट बघितला आणि आईला म्हणाले, "त्याला कालवन वाढ." बाकी काही नाही. पण स्वयंपाकघर वेगळं आणि खळं वेगळं, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

ज्वारीचं खळं मार्चमध्ये झालं. तुम्ही रस्त्याचा पाय घालून आलात, आतला पाय काखेत, फाळक्यात. कडेला बसून पहिला काढलात, वहाणांजवळ ठेवलात, दुसरा बांधलात आणि उभे राहिलात, पण आत पाऊल टाकलं नाहीत. मळणी, उपणणी सगळी झालेली, पांढरीशुभ्र रास पडलेली, आता मोजायची होती. रास मोजणारा आपल्याकडं पाय धुऊन बसतो, आणि आजोबांनंतर ती कायम आबांनीच मोजलेली. आबा तुमच्या पायाकडं बघत उभे आहेत. आई पदराचं टोक तोंडात धरून उभी आहे. बैलसुद्धा उगाच शेपटी हलवत होते, बाकी काही हलत नव्हतं. मग आबांनी तांब्या उचलला, तुमच्यापाशी आले आणि म्हणाले, "पाय धू. आज रास तू मोज."

तुम्ही उजवा पाय पुढं केलात, त्यांनी पाणी घातलं, तुम्ही काठीवर रेलून पाय चोळलात आणि आत यायला निघालात. आबा तांब्या धरून तसेच उभे.

"आन् त्यो?" ते म्हणाले.

दवाखान्यात सांगितलं होतं की लाकूड भिजवायचं नाही. तुम्ही तो पाय पुढं केलात आणि आबांनी त्याच्यावरही पाणी घातलं, अंगठ्याच्या त्या रेघेवरून, टाचेपर्यंत, सावकाश. मग तुम्ही आत गेलात, डावा पाय लांब पसरून राशीशी बसलात आणि पहिली पायली, मोजणीत एकाला म्हणतात तसं "लाभ" म्हणून, ओतलीत. पहिल्यांदा नीट ऐकूच आलं नाही, "लाभ" दोनदा म्हणावं लागलं.

साहेबांना नकार कळवला. केडगावची जागा दुसऱ्या एका जवानाला मिळाली. तुम्ही शेवटपर्यंत वावर कसलंत, तुम्हाला त्याचं सुख होतं, आणि ते डोळ्यांनी बघायला मिळालं म्हणून मी समाधानी आहे. पुढं हायस्कूलसाठी माजी सैनिकांच्या मुलींची सवलत काढून तुम्हीच मला नगरच्या वसतिगृहात ठेवलंत, त्यामुळं माझंही काही अडलं नाही.

पण ज्वारीच्या खळ्यात मी रडले होते, आठवतं? हुंदके देऊन. तुम्ही राशीवरून हात वर करून आईला म्हणालात, "बग, पोरीला कळलं." आणि नंतर प्रत्येक पाहुण्याला ते सांगायचात, माझ्या लग्नात व्याह्यांनाही सांगितलंत, की बापाचा पाय खळ्यात पडला म्हणून माझी लेक आनंदानं रडली. मी दर वेळी मान खाली घालायचे आणि तुम्हाला वाटायचं मी लाजते. हे पत्र टाकायला पत्ता असता तरी मी ते टाकलं नसतं, म्हणून इथंच सांगून टाकते. आबा तांब्या उचलायच्या आधी तुमच्या पायाकडं बघत उभे होते, तेव्हा केडगावची खोली डोळ्यांपुढं धरून मी मनातल्या मनात एकच म्हणत होते, नाही म्हणा आबा, नाही म्हणा.