डब्यांवर न लिहिलेली नावं

३ जून
ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.
तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. आपल्या रेकॉर्ड कंपनीला शंभर वर्षं होताहेत आणि तिचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पहिल्या मालकांनी आधी ग्रामोफोन विकले, ते खपावेत म्हणून तबकड्या काढल्या, गालिच्यांच्या गोदामात पहिला स्टुडिओ थाटला, इथवर सगळं सुरळीत. घोडं अडलं तुझ्या दोन नंबरच्या स्टुडिओपाशी. तू ध्वनिमुद्रित केलेल्या टेपचे चाळीस डबे सापडले आणि एकावरही अक्षर नाही! इमारत विकली गेलीये. तीस तारखेला बिननावाचं सगळं भंगारात जाणार. येऊन नावं सांग.
तुझी वैतागलेली धाकटी

८ जून
चि. धाकटीस,
अ. उ. आ.
डब्यांवर लिहिणं हे कारकुनांचं काम. ज्याला कान आहेत त्याला आवाजावरून माणूस कळतो, हे मी तिथे तीस वर्षं सांगत आलो. माझा गुडघा दुखतोय. शिवाय तुमच्या मॅनेजरचं तोंड पाहायची इच्छा नाही. तुझं तू निस्तर.
माया आहेच.
दादा

१२ जून
ती. दादास,
सा. न.
गुडघ्याचं कौतुक पुरे! टेप लावून पाहिल्या. सुरुवातीला तू ‘सव्वीस, दुसरी खेप’ एवढंच म्हणतोस की गाणं सुरू. ही माणसं कोण? कितीजणांचं हे एकुलतं एक गाणं असेल! तू का येत नाहीस ते वहिनीला विचारलं तर तीही हूं की चूं करत नाही. दोघं मिळून माझा अंत पाहताय.
रागावलेली, तरी तुझीच,
धाकटी

१६ जून
चि. धाकटीस,
अ. उ. आ.
गुडघा ठणठणीत आहे. उजवा कान चार वर्षांपूर्वी गेला, डावा गेल्या हिवाळ्यात. यंत्र लावलं तरी नुसती खरखर. वहिनीला मीच शपथ घातली होती. जन्मभर कानांची मिजास केली, आता त्या खोलीत कुठल्या तोंडानं येऊ? माझ्या हट्टापायी ती माणसं पुसली जाणार. लाज वाटते गं.
दादा

१९ जून
ती. दादास,
सा. न.
चार वर्षं! आम्ही काय परके होतो? भेटल्यावर कडाकडा भांडणार आहे, आत्ता वेळ नाही. मी ऐकते, लिहिते, तू ओळख. सव्वीस नंबर: बाईचा आवाज, जरा जाडसर. दुसऱ्या कडव्याआधी खोकते. संपताना कुणीतरी खुर्ची सरकवतं आणि ती हसते. बाकीच्या एकोणचाळिसांची टिपणं सोबत आहेत. उत्तर उलट टपाली हवं, सबबी नकोत.
धाकटी

२३ जून
चि. धाकटीस,
अ. उ. आ.
चाळिसांपैकी सदतीस ओळखले, नावं सोबतच्या कागदावर. उरलेल्या तिघांचं नीट कान देऊन ऐक आणि पुन्हा लिही. ‘बरा आवाज’ म्हणजे काय, डोंबल? सव्वीस म्हणजे कपडे शिवणारी बाई. आयुष्यात एकदाच गायला आली. खुर्ची माझी. दाद द्यायला उठलो, म्हणून मालकांची बोलणी खाल्ली. तुझं टिपण दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ती मला ऐकू आली.
तुझा दादा