कार्डाच्या पाठीवरची ओळ

प्रिय नाना,

उद्या सोमवार, वाचनालय बंद. म्हणून कॅटलॉगचा व्हिडिओ उद्याच परत काढायचा ठरवलाय. काय बोलायचं ते कागदावर उतरवायला सकाळीच बसले, तर "मी वर्षा, तुमच्या वाचनालयातली" याच्या पुढे पेन सरकेना. आधी तुमच्याशी बोलल्याशिवाय ते सरकणार नाही, हे मला कळून चुकलंय. तुम्हाला जाऊन पाच महिने झाले आणि मी आत्ता पत्र लिहितेय. हसा खुशाल!

दोन हजार चौदामध्ये मी कामाला लागले, तो पहिला दिवस आठवतो तुम्हाला? वाणगावचे एक मिरचीवाले काका पुस्तक मागायला आले आणि मी हुशारी दाखवायला पटकन उठून त्यांच्या हातात पुस्तक दिलं. केवढे चिडलात! "तू कशाला उठलीस? त्यांना खण उघडू दे. एक शोधताना चार दिसतील." मग ते काका कार्डांच्या कपाटासमोर उभे राहून अर्धा तास खण चाळत बसले आणि तीन पुस्तकं घेऊन गेले. मला मनातून रागच आला होता तुमचा.

आणि ती पेन्सिल! कपाटाला सुतळीने बांधलेली. पुस्तक परत करायला आलेल्याने त्याचं कार्ड काढायचं आणि पाठीवर एक ओळ लिहायची, हा तुमचा नियम. दुसऱ्या कुठल्या वाचनालयात असलं काही मी ऐकलेलं नाही. काय काय लिहायचे लोक! "भुरीच्या रोगासाठी पान बेचाळीस बघा, बाकी सोडून द्या." "शेवटी रडू येते, बसमध्ये वाचू नये." "नवऱ्याला वाचायला लावा." बाजारातल्या शेठची आई तर मराठी पुस्तक वाचून गुजरातीत शेरा लिहायची, आणि तो वाचून दाखवायला तुम्ही कोणाला तरी रस्त्यावरून हाक मारायचात.

नव्या पुस्तकावर पहिली ओळ मात्र माईंची, बायकोचा हक्क म्हणायचात तुम्ही. तुम्ही पिशवीत घालून पुस्तकं आधी घरी न्यायचात, माई दुपारी वाडीत चिकूखाली खाट टाकून वाचायच्या. बारीक, डावीकडे झुकलेलं अक्षर. माई गेल्या तेव्हा तुम्ही चारच दिवसांनी कामावर आलात आणि दिवसभर खणांतलं एकेक कार्ड काढून पुसत बसलात. मला वाटलं, धूळ पुसताय. किती बिनडोक होते मी!

मग कॉम्प्युटर आला, तुम्ही रिटायर झालात आणि सगळा कारभार माझ्या हातात आला. दिवाळीच्या आत सगळी पुस्तकं चढवा, असा अध्यक्षांचा धोशा. मी कार्ड उचलायचे, पुढची बाजू टाइप करायचे, ठेवून द्यायचे. नाव, लेखक, नंबर. "शेरा" म्हणून एक रकाना होता, तो मी सगळीकडे रिकामा सोडला. कार्ड उलटून बघायला वेळ कोणाला होता?

आणि पुढे जे केलं, ते फक्त ग्रंथपालच करू जाणे. एवढा जाड, सुंदर कागद फुकट कसा घालवायचा? मी कार्डं मधोमध कापली आणि कॉम्प्युटरशेजारी डब्यात ठेवली, वाचकांना नंबर टिपून घ्यायला चिठ्ठ्या म्हणून. दोन खण संपवले बघता बघता. आलेली पाकिटं उलटी करून वापरायला मला तुम्हीच शिकवलंत ना? मग थोडा दोष तुम्हीही घ्या.

पहिला व्हिडिओ मी त्याच दिवसांत काढला. मोबाइल शब्दकोशांना टेकवून उभा केला, आवाज नको म्हणून पंखा बंद. घामाच्या धारा! तीनदा सगळं नीट जमलं आणि तिन्ही वेळा खालून बोंबीलवालीने आरोळी ठोकली. शेवटी एकदाचा झाला. नाव टाइप करा, बटण दाबा, नंबर चिठ्ठीवर लिहा, पुस्तकांच्या कपाटाकडे जा. चिठ्ठी मी कॅमेऱ्यासमोर अगदी जवळ धरली होती, नंबर ठळक दिसावा म्हणून. कासा, तलासरीपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. अध्यक्षांनी पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. मीच हौसेने मोबाइल तुमच्या हातात दिला. तुम्ही चष्मा पुसून बघायला लागलात आणि चिठ्ठीवर येऊन थांबवलंत. माझ्या निळ्या नंबरखाली पेन्सिलची अर्धी ओळ होती. डावीकडे झुकलेली.

"ही चिठ्ठी कुठाय गं?" एवढंच विचारलंत.

"कोणीतरी वाचक घेऊन गेला असेल, नाना."

"बरं. असू दे. आवाज स्पष्ट आलाय तुझा."

मला त्याच क्षणी कळलं होतं, नाना. आज कबूल करते. ते अक्षर कोणाचं ते मी ओळखलं होतं, आणि तरी चहा टाकायला उठून गेले. त्या दिवसापासून एकही कार्ड कापलं नाही. उरलेल्या खणांतली कार्डं गोण्यांत बांधून माळ्यावर ठेवली. पण तोंडातून "चुकलं" निघालं नाही. त्यानंतर वर्षभर तुम्ही रोज अकराला पेपर वाचायला येत होतात. रोज! एकदाही ओरडला नाहीत. का नाही ओरडलात हो? पहिल्या दिवशी एका पुस्तकावरून केवढं बोलला होतात मला! तुम्ही ओरडला असतात तर मी रडले असते आणि संपलं असतं तिथेच.

गेल्या महिन्यात सायवनची अंगणवाडी सेविका कमळ आली. व्हिडिओ बघून तिने नंबर नीट शोधला होता, तरी रिकाम्या हाताने उभी. म्हणाली, "बाय, तुझे व्हिडिओत सगला सांगला. पण कोणचा पुस्तक चांगला, ता नाय सांगला." मी कॉम्प्युटरवर शेऱ्याचा रकाना उघडला, तो रिकामा.

त्याच दिवशी गोण्या खाली काढल्या. आता कार्डं उलटी करून एकेक ओळ त्या शेऱ्याच्या रकान्यात भरतेय. कमळ शनिवारी येते आणि वाचून दाखवते, मी टाइप करते. "नवऱ्याला वाचायला लावा" वाचून ती इतकी हसली की तेच पुस्तक घेऊन गेली. कापलेल्या चिठ्ठ्याही परत येणाऱ्या पुस्तकांत खुणेला घातलेल्या सापडतात, आठवड्याला दोन-तीन. माईंची मात्र आली नाही. त्या ओळीच्या उरलेल्या अर्ध्या भागात काय होतं, ते तुम्हाला पाठ असणार. मी विचारलंही नाही.

म्हणून तुम्हाला शब्द देते, नाना. उद्याच्या व्हिडिओत बटण कुठलं दाबायचं, ते नंतर. आधी सांगणार, की वाचकांनी आणि माईंनी या कार्डांवर जे लिहिलं होतं, त्यातलं बरंच मी माझ्या हाताने कापलं, आणि नानांना ते दिसलं तरी मी गप्प बसले. अध्यक्ष म्हणतील, हे काढून टाक, वाचनालयाचं नाव खराब होईल. नाही काढणार. तुम्ही एकटे समोर बसला होतात तेव्हा बोलायला जमलं नाही, आता सगळ्या तालुक्याने ऐकू दे.

चुकलं माझं, नाना.

तुमच्या हाताखाली शिकलेली,
वर्षा