एक्केचाळीस सेंटिमीटर

शनिवार, ७ मे

वाचलो! १-०. हंगामातला शेवटचा सामना. जिंकलो नसतो तर खालच्या विभागात गेलो असतो — बरोबरीनेही भागणार नव्हतं.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला म्वांझा शहराच्या झिवा क्लबचा एक जण चेंडू घेऊन सुटला. आमच्या शोमारीने त्याला आडवा पाय घालून पाडलं. फाऊल होता, त्यात वाद नाही. प्रश्न एवढाच — बॉक्सच्या आत की बाहेर? आत असता तर पेनल्टी. रेफरी पळत आला, खाली वाकला आणि रेषेच्या बाहेर बोट दाखवलं. वीतभर बाहेर. नुसती फ्रीकिक मिळाली, ती आमच्या खेळाडूंच्या भिंतीवर आपटली, संपलं.

रेफरीला वाकून ठरवता आलं, कारण वाकून बघायला तिथे रेषा होती. तीन दिवस पाऊस, तरी माझा चुना कुठे फुटला नव्हता. हे कुणी बोलणार नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो.

रविवार, ८ मे

बोलले! कहवेवाल्याच्या कट्ट्यावर म्झे किलुआ स्वतः सरकले आणि मला मधली जागा दिली. म्झे म्हणजे वडीलधारे — ऐंशीच्या घरातला माणूस, क्लबच्या पहिल्या संघात खेळलेला, कुणासाठी सरकत नाही. म्हणाले, अकरा जणांना नव्वद मिनिटांत जे जमलं नाही ते चुन्याच्या एका पोत्याने केलं, या फुंदीला कहवा द्या.

फुंदी म्हणजे कारागीर. आमच्या टांगा गावात मला नावाने हाक मारणारे आता थोडेच उरलेत. चौथीत शाळा सुटली. अठरा वर्षं घायपाताच्या कारखान्यात दोर वळला. कारखाना बंद पडल्यावर मैदानावर आलो. नियमांचं पुस्तक मी शब्दकोश शेजारी ठेवून एकट्याने वाचलंय, दोनदा. रेषा टेपने आखत नाही. टेप वाऱ्याने हलतो. माझा स्वतः वळलेला दोर आहे — साडेपाच मीटरवर लाल चिंधी, अकरावर पांढरी, साडेसोळावर काळी. आमच्या क्लबचं नावच मकोंगे, म्हणजे घायपात. या मैदानावर दुसरं काय शोभणार?

चौदा वर्षांत माझ्या रेषेवर कुणी बोट ठेवलेलं नाही.

सोमवार, ९ मे

झिवाने लीगकडे तक्रार केली. म्हणे फाऊल आत होता. लीगने फोटो मागवलेत.

बघू देत.

बुधवार, ११ मे

तक्रार फेटाळली. वर्तमानपत्रात अर्ध्या पानाचा फोटो आलाय, वरच्या गॅलरीतून काढलेला. शोमारीचा पाय, झिवाचा खेळाडू हवेत, आणि दोघांच्या मागे माझी पांढरी रेषा. माझ्या बायकोने, म्वानाईदीने, मला कात्री लावू दिली नाही. 'द्या इकडे, साकिनाचे बाबा,' म्हणाली आणि स्वतः कापला. या वहीत चिकटवला आहे. समोरचं पान.

गुरुवार, १२ मे

फोटोत काहीतरी चुकतंय.

गवत मी पट्ट्यापट्ट्याने कापतो — एक गडद, एक फिका. प्रत्येक पट्टा बरोबर साडेपाच मीटरचा. पट्टे दोराने धरत नाही, कुंपणाच्या सिमेंटच्या खुंट्यांवरून धरतो. खुंट्या हलत नाहीत. म्हणजे गोलरेषेपासून तिसरा पट्टा जिथे संपतो, तिथेच बॉक्सची रेषा यायला हवी. साडेपाच त्रिक साडेसोळा.

फोटोत रेषेच्या पुढेही तोच तिसरा, गडद पट्टा दिसतोय. हातभर नाही, पण वितीहून जास्त.

मैदानात उभं राहिलं तर पट्टे नीट दिसत नाहीत. वरून दिसतात. मी चौदा वर्षांत गॅलरीत चढलेलो नाही.

पट्टा चुकला असेल. पट्टाच चुकला असणार.

शुक्रवार, १३ मे

पट्टा चुकलेला नाही.

होड्या बांधणाऱ्या सुताराकडून पोलादी टेप आणला. कशाला हवा ते त्याने विचारलं, मी दरवाज्याचं काहीतरी सांगितलं. सकाळी मैदानावर कुणी नव्हतं. चार वेळा मोजलं. सोळा मीटर नऊ सेंटिमीटर. दुसऱ्या टोकाचा बॉक्सही तेवढाच. गोलजवळचा छोटा चौकोन बरोबर. पेनल्टीचा ठिपका बरोबर. फक्त शेवटची मोठी रेषा — एक्केचाळीस सेंटिमीटर अलीकडे.

मग दोर मांडीवर घेऊन बसलो. पांढऱ्या चिंधीपासून काळ्या चिंधीपर्यंत इंच-इंच चाचपला. डोळ्यांना काही दिसेना. डोळे मिटले तेव्हा बोटांना सापडलं — एका जागी पीळ किंचित जाड.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गवत कापण्याचं यंत्र दोरावरून गेलं होतं. दोर तुटला. मी दोन्ही टोकांचे पेड उकलले, एकमेकांत गुंफले आणि सांधा असा बसवला की कारखान्यातला मुकादमही ओळखू शकला नसता. पेड गुंफले की दोर तेवढा आखूड होतो. हे मला कुणी सांगायचं? नव्या कामगारांना हेच मी शिकवत असे! सांधला, की चिंधी सोडून पुन्हा बांधायची. त्या दिवशी सांधा उन्हात धरून बघत राहिलो. किती छान झाला म्हणून. चिंधी तशीच राहिली.

त्यानंतर इथे दोन सामने झाले. पहिल्यात बॉक्सजवळ काहीच घडलं नाही.

दुसऱ्यात शोमारीने पाय घातला. वीतभर बाहेर. म्हणजे खऱ्या रेषेच्या वीतभर आत.

ती पेनल्टी होती.

शनिवार, १४ मे

बी तातूंकडे गेलो. बी म्हणजे बाई; क्लबच्या सचिव, त्याआधी तीस वर्षं मुख्याध्यापिका. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, हे अजून कुणाला ठाऊक आहे. मी म्हटलं, तुम्हाला आणि मला. आणि दोराला. त्या हसल्या नाहीत.

म्हणाल्या, दोन्ही टोकांना तेवढंच आखूड होतं ना? झिवालाही तोच बॉक्स मिळाला, आपल्यालाही. मग अन्याय कुणावर झाला? सोमवारी रेषा नीट आखा आणि विषय संपवा. आपण खाली गेलो तर निम्मे खेळाडू दार-एस-सलामला निघून जातील, हे त्यांनी मला मुलाला समजवावं तसं समजावलं. त्यात खोटं काही नव्हतं.

मी म्हणालो, 'मग दोन्हीकडचे गोलही सारखेच लहान करू का?'

त्या खिडकीकडे वळल्या. 'फुंदी, तुम्हाला क्लब वाचवायचाय की तुमचं नाव?'

घरी येईपर्यंत याचं उत्तर शोधत होतो. नाव तर उलट यात जाणार आहे! चौदा वर्षांचं. गप्प बसलो तर राहील.

रविवार, १५ मे

म्वानाईदीला सांगितलं. ती घेवडा निवडत होती. निवडतच राहिली. म्हणाली, तुम्ही लिहिणारच आहात, मला कशाला विचारता? अक्षर तेवढं नीट काढा.

सोमवार, १६ मे

लीगला पत्र लिहिलं. पाच ओळी. दोर कधी तुटला, मी काय विसरलो, बॉक्स किती आखूड होता, फाऊल कुठे झाला. पाचवी ओळ — क्लबला हे ठाऊक नव्हतं. बी तातूंना दाखवलं. त्यांनी 'नव्हतं' खाली पेन्सिलने रेघ मारली आणि परत दिलं. समजलो — शनिवारपासून त्यांना तरी ठाऊक आहेच. 'सामन्याच्या दिवशी ठाऊक नव्हतं' असं केलं. तसंच खरं आहे.

दुपारच्या बसने दार-एस-सलामला पाठवलं. पावती घेतली.

मंगळवार, १७ मे

चिंधी सोडून योग्य जागी बांधली. टेपने ताडून पाहिलं. दोन्ही बॉक्स नव्याने आखले. साडेसोळा. जुन्या रेषा खरवडून काढायला पाच तास लागले. कंबर धरली.

बुधवार, १८ मे

शोमारी घरी आला. बातमी कशी फुटली कोण जाणे. लहान गावात पत्राला पाय फुटतात. उंबऱ्यातच उभा राहिला. म्वानाईदीने चहा पुढे केला, त्याने घेतला, पण प्यायला नाही.

मला वाटलं भांडेल. आवाजही चढवला नाही त्याने.

'फुंदी, मी रेषा बघितली होती. बाहेर आहोत हे बघूनच पाय घातला. तुमची रेषा पुढे असती तर मी पाय घातलाच नसता.'

मी त्याला बसायला सांगितलं.

'सगळे म्हणतायत शोमारीची पेनल्टी होती. माझी नव्हती. मी रेषेवर विश्वास ठेवला. बाकी काही केलं नाही.'

कप खाली ठेवून गेला. हा विचार मला सुचलाच नव्हता. इतका हिशेब करून, इतके सेंटिमीटर मोजून — खेळणारा माणूस रेषेकडे बघून पाय उचलतो, हे डोक्यातच आलं नाही. मी स्वतः कधी खेळलोच नाही ना.

गुरुवार, १९ मे

लीगला दुसरं पत्र. शोमारीचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहिलं, शेवटी जोडलं की मला ते पटतं. त्याच्यावर ठपका येता कामा नये. पावती घेतली.

शनिवार, २१ मे

लीगचा निकाल. मैदान नियमबाह्य, सामना रद्द. येत्या शनिवारी इथेच पुन्हा खेळवणार. रेषा लीगचा माणूस आखणार. शोमारीचा दोष नाही असं स्वतंत्र वाक्यात लिहिलंय. ते वाक्य मी तीनदा वाचलं.

क्लबच्या समितीने मला कामावरून दूर केलं, पुढचा आदेश येईपर्यंत. बी तातूंनी कागद स्वतः हातात दिला, नजर कागदावर ठेवून.

रविवार, २२ मे

कट्ट्यावर गेलो. जाणार नाही असं ठरवलं होतं, मग वाटलं, का नाही जायचं? चोरी केलेली नाही. मधे थोडीच जागा होती, कुणी सरकलं नाही.

म्झे किलुआंनी पेला फुंकला. 'बस की. पण मोजून बस. आमच्यापासून एक्केचाळीस सेंटिमीटर सोडून.'

सगळे हसले. मी बसलो. कहवा संपेपर्यंत बसलो, पेला पालथा घातला, मगच उठलो. उद्याही जाणार.

गुरुवार, २६ मे

लीगचा माणूस आला. तरुण, बरोबर लाल किरण टाकणारं यंत्र. मी कुंपणाबाहेर उभा. काम नीट करत होता, पण चुना पातळ कालवला होता. राहवलं नाही. जाळीतून ओरडून सांगितलं की उत्तरेकडच्या कोपऱ्यात उतार आहे, तिथे दाट कालव, नाहीतर पहिल्याच सरीला वाहून जाईल.

तो जाळीपाशी आला. विचारलं, आपण कोण? मी म्हटलं, मीच तो.

तो वळून चुन्याकडे गेला. मग पोतं उचलून म्हणाला, किती दाट, ते सांगा.

शुक्रवार, २७ मे

उद्याचं तिकीट काढलं. गॅलरीचं. वरून पट्टे कसे दिसतात ते एकदा डोळ्यांनी बघायचंय.

शनिवार, २८ मे

०-१. तीस मीटरवरून मारलेला गोल. रेषेचा काही संबंध नव्हता. खाली गेलो.

संध्याकाळी बी तातू दारात. आत आल्या नाहीत. डोळे सुजलेले.

'सोमवारी सकाळी या, फुंदी. खालच्या विभागातही बॉक्स साडेसोळा मीटरचाच असतो.'