पाय हलला नाही

सोमवार, ४ तारीख

नव्या नोकरीचा पहिला दिवस आणि मी चक्क वीस मिनिटं आधी हजर. आईला सांगितलं तर खरं वाटणार नाही तिला.

प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर आहे. शस्त्रक्रियेची खोली एवढीशी, दोघी उभ्या राहिलो की कोपराला कोपर लागतं. मॅडमनी स्वतः सगळं दाखवलं. उंदराला आधी भुलीचा वायू द्यायचा. मग त्याचे पुढचे दात पट्टीत अडकवायचे आणि दोन्ही कानांत बारीक दांडे बसवायचे, म्हणजे डोकं जराही हलत नाही. कवटीच्या शिवणी जिथे मिळतात तो बिंदू शून्य धरायचा, तिथून मिलिमीटर मोजायचे, ड्रिलनं छिद्र पाडायचं आणि मेंदूत केसाएवढी तार सोडायची. त्याआधी, आणि मग दर दहा मिनिटांनी, चिमट्यानं मागच्या पायाचं बोट दाबून बघायचं. पाय मागे घेतला तर तो जागा आहे, हातातलं काम थांबवायचं. नाही घेतला तर फॉर्मवर 'पाय हलला नाही' या चौकटीत बरोबरची खूण करायची.

माझा हात स्थिर आहे, असं मॅडम म्हणाल्या. लहानपणी आईनं दामटून भरतकाम करायला लावलं, त्याचं आज चीज झालं.

पिंजरे सांभाळणारे काका उंदरांना अहो-जाहो करतात. "अहो सतरा, जरा सरका." मला हसू आवरेना.

गुरुवार, १४

आज पहिल्यांदा एकटीनं शस्त्रक्रिया केली. उंदीर नंबर सतरा.

हे लिहिणार नव्हते. पण इथे नाही तर कुठे लिहू?

मॅडम पाहुण्यांना घेऊन येणार होत्या. त्या यायच्या आत काम पुरं व्हावं म्हणून फॉर्मवरच्या सगळ्या खुणा मी आधीच करून टाकल्या. मग चिमटा काढायचा राहिला. ड्रिल चालू असताना त्याच्या मिशा थरथरल्या. बघते तर भुलीच्या वायूची बाटली संपत आलेली. अंगावरच्या कापडाखाली मागचा पाय हलत होता.

थांबायला हवं होतं. दोनच मिनिटांचं काम उरलं होतं. मी कापडावरून तळहात ठेवला, पाय दाबून धरला आणि काम संपवलं.

पाहुणे खूश झाले.

रविवार, १७

दुपारी जेवून आडवी झाले, तर कुणीतरी पायाला कचकन चिमटा काढला. मी ताईवर ओरडले. ती खिडकीपाशी केस विंचरत होती. म्हणाली, तुझ्या पायाला हात लावायला मला काय वेड लागलंय?

दुसऱ्या बोटावर समोरासमोर दोन लाल ठिपके आहेत.

मंगळवार, १९

आज मॅडमना सांगायचंच, असं ठरवून गेले. त्यांनी आधीच बोलावून पाठ थोपटली. सतराच्या मेंदूची नोंद सगळ्यांत स्वच्छ आली आहे, आलेख भिंतीवर लावलाय. मी आभार मानून बाहेर आले. मला लाज वाटली, आणि आनंदही झाला. त्या आनंदाची जास्त लाज वाटते.

काका म्हणाले, सतरा हल्ली पाय पोटाखाली घेऊन बसतात. पण फक्त तुम्ही आलात की.

गुरुवार, २१

बसमध्ये. बंद बुटाच्या आत चिमटा. घड्याळ बघितलं. दहा मिनिटांनी पुन्हा. पुन्हा दहा मिनिटांनी.

दर वेळी पाय मागे घेते. घ्यायलाच हवा —

शनिवार, २३

ताईला सगळं सांगितलं. तिनं बोटाला मलम लावलं. मग म्हणाली, "सांगून टाक गं. फार तर नोकरी जाईल."

सोमवारी सांगते.

सोमवार, २५, दुपार

वही बरोबर आणली आहे. तोंडानं जमणार नाही, चौदा तारखेचं पान मॅडमच्या हातात देईन.

मॅडमच्या दारापर्यंत गेले. आत माझ्या आलेखासमोर सगळे हसत होते. परत फिरले.

शस्त्रक्रियेच्या खोलीत बसले आहे. टेबलावर एक भरलेला फॉर्म. अक्षर माझं. वजन — चौपन्न किलो. सगळ्या चौकटींत खुणा. हा बघून कुणीही सुरुवात करेल —

चिमटा.

पाय मागे घेतला — घेत होते — वरून कुणीतरी तळहात ठेवलाय. उबदार. फार स्थिर हात आहे —

कानांत काहीतरी गार. दोन्हीकडून —

हात अजून मोकळा आहे. खूण खोडते आहे — शाई जात नाही —

मॅडम, हलला. माझा पाय हल