मी तुला वीस वर्षं जास्त जगवलं

माय, माझी नात, तुझी पणती, माझ्यावर गेली नाय, तुझ्यावर गेली. तेच बारीक डोळे, तसंच नाक फुगवून बोलणं. कॉलेजात जाते, मोबाइल हातातनं सुटत नाय, आणि मला म्हणते, "आज्जी, तू काहीबी बोल, मी रेकॉर्ड करते." मी आपली बोलते. पुंडलिकनगरात तिसऱ्या मजल्यावर माझं ऐकून घेणारं दुसरं आहे कोण? सून म्हणते, "आत्याबाई, जरा दम खा." पोरीचं कौतुक सांगायला बसले तर वही पुरायची नाय. पण सांगायचंय दुसरंच. त्याची लाज वाटते म्हणून तर पोरीला पुढं केलं.

आमच्या चर्चच्या मंडळीत उपासना झाली की साक्ष द्यायला उभं करतात. देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढं सांगायचं. एका रविवारी मी तुझी गोष्ट सांगितली. तुझ्या पोटातली गाठ, डॉक्टरनं "आता घरी न्या" म्हटलेलं, मी तीन दिवस धरलेला उपास, आणि चौथ्या दिवशी सकाळी तू उठून चुलीपुढं बसलीस, दोन भाकरी थापल्यास. इथवर सगळं खरं. मी तिथंच थांबले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हालेलुया म्हटलं. त्यानंतर अठराव्या दिवशी तू गेलीस, ते माझ्या तोंडातनं निघालंच नाय. खाली उतरले तर एका बाईनं हात धरून विचारलं, "मग आई किती वर्षं जगल्या?" मी म्हणाले, "वीस." कुठनं आलं ते वीस, मलाच ठाऊक नाय. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी परत उभं केलं, तेव्हा माईकवर सांगितलं, माय पुढं वीस वर्षं जगली. पणतीनं ते टिपलं आणि मोबाइलवर सगळीकडं पाठवलं. "आज्जी, तू फेमस झालीस!" मग काय, बीड-जालन्याहून फोन यायला लागले. पहिल्या रांगेत माझी खुर्ची ठेवायला लागले. मी साडी बदलून, केस नीट बांधून फोन घ्यायची. फोनमध्ये दिसतंय का कुणाला काय? तरी बी.

त्या सकाळची चूल मला अजून दिसते. तू भाकरी थापतेस, तुझ्या मनगटाची हाडं वर आलीत, आणि मी मागं उभी राहून मोठ्यानं देवाचे उपकार मानते, लगेच पुढचंबी मागते. गाठ काढ, ताकद दे, आयुष्य दे. तू मागं न बघताच म्हणालीस, "तुझा मामा पाचोडच्या बाजारातनं यायचा तेव्हा तू त्याच्या पिशवीला झोंबायचीस. तो उन्हातनं आलाय, दमलाय, पाणी द्यावं, काय नाय. पिशवीत काय हाय तेवढं बघायचं. देवासंगंबी तसंच करतेस. मला तो आला तेवढं पुरे हाय." मला राग आला. म्हणाले, "तू मरायला निघालीस आणि मलाच शिकवते व्हय?" तू हसलीस. "मी कुठं निघाले? तो न्यायला आलाय. गरम हाय तोवर खा." खरी साक्ष ही होती, माय. उठून बसणं नव्हे. पण एवढं सांगून टाळ्या पडल्या नसत्या, आणि मला ते कळत होतं.

मागच्या बुधवारी चितेगावची एक बाई पत्ता शोधत घरी आली. तिच्या लेकीला तशीच गाठ. चपला दारात काढून स्वयंपाकघरात खालीच बसली. म्हणाली, "आज्जी, तुम्ही केलं तसं तीन दिवस पाण्यावर राहिले. लेक उठली नाय. माझा विश्वास कमी पडला का?" तेव्हाच सांगायचं होतं. चहाचं आधण उकळत होतं, घरात दुसरं कुणी नव्हतं, सांगणं सोपं होतं. मी म्हणाले, "अजून तीन दिवस धर." असं म्हणाले मी. चहा पुढं केला तर ती म्हणाली, "नको, उपास चालू हाय ना."

दोन दिवस मला घास गेला नाय, आणि तो काय उपास नव्हता. तिसऱ्या दिवशी पणतीला घेऊन चितेगावला गेले. लेक बाजेवर पडलेली, बाईचे ओठ सुकलेले. मी उभ्याउभ्याच सांगितलं, माझी माय अठरा दिवसांत गेली. बाईनं लेकीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "मग मला अजून तीन दिवस कशाला सांगितलं?" बाजेवरनं लेकीनं विचारलं, "तुमच्या आईला भ्याव वाटत नव्हतं?" तेव्हा मी तिला तुझी भाकरी सांगितली, मामाची पिशवी सांगितली. तिनं डोळे मिटून ऐकलं. मग आईला म्हणाली, "तू आधी जेव. आणि प्रार्थनेला धावू नको, इथं माझ्याजवळ बस." बाईनं ताट वाढून घेतलं. मी निघेपर्यंत तिनं माझ्याकडं बघितलं नाय. बरोबरच केलं.

रविवारी मंडळीतबी सांगितलं. कुणी खोकलं, कुणी पंख्याकडं बघितलं. पाळकसाहेब म्हणाले, "बसा, आज्जी." परतताना पणतीनं मोबाइल पिशवीत टाकला.

हे मी तुला लिहिते कारण तुला वाचता येत नव्हतं. येत असतं तर धीर झाला नसता. मलाबी तिसरीपर्यंतचंच येतं, कुठं काना कुठं मात्रा देव जाणे. वही पणतीची आहे, एवढी पानं फाडून घेते, तिला कळू देणार नाय.

काल ती म्हणाली, "आज्जी, तो व्हिडिओ पुसून टाकते." मी म्हणाले, टाक, पण आधी एकदा लाव. बघितला. तू वीस वर्षं जगलीस असं म्हणताना माझं तोंड लई खुललेलं दिसतं. माय, ते तू जगलीस म्हणून नव्हतं. सगळे माझ्याकडं बघत होते म्हणून.