घड्याळकाकांचा केक

प्रिय दादा,

माझ्या दर वाढदिवसाला मी तुझ्या मित्रांमागे शेपटासारखा हिंडायचो. तू परदेशी गेलास, तेव्हा यंदा खोलीत एकटाच बसणार, अशी धास्ती होती.

बेकरीत केकवर नावं मीच लिहितो. सकाळी मालक म्हणाले, "‘घड्याळकाकांना शुभेच्छा’ असं लिही." कुणी म्हातारे गृहस्थ असतील म्हणून मी अक्षरं चांगली ठळक काढली. संध्याकाळी भट्टीवरच्या पोरांनी मला ओढतच हॉटेलात नेलं. समोर तोच केक!

"काका कुठायत?" मी विचारलं.

"अरे, पाच मिनिटं उशीर झाला की जीव कुणाचा वर-खाली होतो? काप आता!"

पोट दुखेपर्यंत हसलो. धास्ती कुठल्या कुठे पळाली. पत्र मात्र टाकत नाही, नाहीतर उद्यापासून तूही मला काकाच म्हणशील.

तुझाच,
धाकटा